भिंतीवरचे लाकूड आणि काळ्या रानाच्या भेगा

मराठवाड्यातील जुन्या घराचे सागवानी दार वर्षभर सारखे वागत नाही. श्रावणात ते चौकटीत इतके घट्ट बसते की खांदा लावल्याशिवाय उघडत नाही आणि कडी कोयंड्यापर्यंत पोहोचत नाही. वैशाखात मात्र त्याच दाराच्या दोन फळ्यांमधून अंगणातले ऊन सुरीच्या पात्यासारखे आत उतरते. दार तेच, बिजागऱ्या त्याच, घडवणारा हातही तोच. श्रावणात सुताराला बोलावून कडेवर रंधा मारून घेतला जातो, आणि पुढच्या उन्हाळ्यात फट रुंदावली की दोष त्याच्याच माथी येतो.

हे कोडे आता दारावरून भिंतीवर आले आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव येथील स्लॅबच्या नव्या घरांत दिवाणखान्याची किंवा झोपण्याच्या खोलीची एक भिंत लाकडाने मढवण्याची रीत रुळू लागली असून दुकानदार तिला ‘ॲक्सेंट वॉल’ म्हणतात, तर कंत्राटदारांच्या तोंडी ती ‘हायलाइटची भिंत’ असते. खोलीच्या चार भिंतींपैकी तीन साध्या ठेवून चौथीला रंगाने, पोताने किंवा साहित्याने उठाव द्यायचा, एवढाच या नावांचा अर्थ. पोत म्हणजे पृष्ठभागाचा उंचसखलपणा, जो बोटाला कळतो आणि योग्य उजेडात डोळ्यालाही कळतो. दारात चार फळ्या असतात, तर अशा भिंतीत वीस. त्यामुळे दाराचा जो हट्ट घराने पिढ्यान्‌पिढ्या सोसला, तो भिंतीवर पाचपट होऊन उभा राहतो.

या कोड्याचे उत्तर घराबाहेरच्या रानात पसरलेले आहे. पूर्णा, कयाधू आणि पैनगंगा यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि मृगाचा पाऊस पडला की हळूहळू सांधते. या मातीतील चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे बनलेले असतात, पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की ते दूर सरतात आणि निघून गेले की जवळ येतात. लाकडाचे वागणे याच जातीचे आहे. फरक असा की काळे रान चोहोबाजूंनी आकसते, म्हणून त्यावर भेगांची जाळी उमटते. लाकूड एकाच अंगाने आकसते, म्हणून त्याची भेग नेहमी रेषेला धरून उभी जाते.

कडब्याची पेंढी

लाकूड एकाच अंगाने का आकसते, हे समजण्यासाठी कडब्याची पेंढी डोळ्यांसमोर आणावी. ज्वारीची शेकडो ताटे एका दिशेने रचून बांधली म्हणजे पेंढी होते. प्रत्येक ताट पाणी पिऊन फुगले, तर पेंढीचा घेर वाढेल आणि बंध ताणला जाईल, पण तिची लांबी वाढणार नाही. लाकूडही अशाच लांबट, पोकळ पेशींचे बनलेले असते. पेशींच्या भिंतींत सेल्युलोजचे धागे बहुतांशी खोडाच्या दिशेने रचलेले असतात आणि या धाग्यांना पाण्याच्या रेणूंची ओढ असते. हवेत बाष्प वाढले की रेणू धाग्यांमध्ये जाऊन बसतात व धागे एकमेकांपासून दूर होतात. हवा कोरडी झाली की ते निघून जातात. लाकडाने पाण्यात बुडण्याची किंवा पावसात भिजण्याची गरज नसते, दमट हवा पुरते.

येथे लाकडातील दोन प्रकारचे पाणी वेगळे करावे लागते. ओल्या लाकडातले काही पाणी पेशींच्या पोकळीत, घागरीतल्या पाण्यासारखे मोकळे असते, तर काही पेशीभिंतीतच मुरलेले असते, जसे घागर रिती केल्यावरही मातीच्या अंगात राहते. झाड तोडल्यावर आधी मोकळे पाणी उडते आणि तोवर लाकूड हलके होते, पण आकसत नाही. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के एवढेच पाणी उरले की मोकळे पाणी संपलेले असते, आणि त्याखाली जाणारा प्रत्येक टक्का पेशीभिंतीतून निघतो. खरे आकसणे तेव्हापासून सुरू होते. या टप्प्याला शास्त्रात ‘तंतुसंपृक्त बिंदू’ म्हणतात. म्हणूनच आठ-पंधरा दिवस उन्हात ठेवलेली ओली फळी सरळ दिसते म्हणून वाळली असे मानणे फसवे असते, कारण तिची आकसण्याची वेळ बहुधा पुढे यायची असते.

रुंदीतही सगळ्या फळ्या सारख्या हलत नाहीत. ओंडक्याच्या कापावर वर्षवलयांची गोल वर्तुळे दिसतात आणि मध्यातून सालीकडे जाणारे बारीक पट्टेही असतात, ज्यांना मज्जाकिरण म्हणतात. बैलगाडीच्या चाकात तुंब्यापासून पाट्यांपर्यंत आरे जातात, तसेच हे किरण ओंडक्यात पसरलेले असून त्या दिशेने लाकडाला आकसू देत नाहीत. वलयांच्या कडेने मात्र असा अटकाव नसतो. सागवान ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत किरणांच्या दिशेने सुमारे २.५ टक्के, तर वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसते, आणि लांबीच्या दिशेने हा आकडा टक्क्याच्या एक-दोन दशांशांवर थांबतो. ज्या फळीच्या टोकावर वलयांच्या रेषा उभ्या, म्हणजे फळीच्या रुंदीशी काटकोनात दिसतात, ती फळी जवळजवळ निम्मेच हलते. वखारीत फळ्या निवडताना त्यांचा रुंद चेहरा पाहण्याआधी टोके पाहावीत, ती यासाठी.

चाकाचा दाखला दुसऱ्या अर्थानेही येथे लागू पडतो. उन्हाळ्यात गाडीचे लाकडी चाक आकसून त्यावरची लोखंडी धाव सैल पडते, तेव्हा शेतकरी चाक नदीत किंवा हौदात भिजत घालीत आणि फुगलेले लाकूड धावेला पुन्हा घट्ट धरी. ज्यांनी हे केले, त्यांना लाकडाच्या फुगण्यातील जोर वेगळा सांगावा लागत नाही. खडकात कोरड्या लाकडी पाचरी ठोकून त्या भिजवायच्या आणि दगड फोडायचा, ही जुनी रीत त्याच जोरावर चाले. विटांच्या भिंतीवर डिंकाने चिकटवलेल्या फळीने तो जोर कोणावर काढायचा, एवढाच प्रश्न उरतो.

चौकट : दहा फुटी भिंतीचा हिशेब

> मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, तर जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्या वर जाते. दिवसरात्रीची सरासरी धरली, तर घरातील लाकडात उन्हाळ्यात सुमारे ६ टक्के आणि पावसाळ्यात सुमारे १४ टक्के पाणी राहते, म्हणजे फरक ८ टक्क्यांचा.
> सागवान वलयांच्या दिशेने पाण्याच्या प्रत्येक टक्क्यामागे सुमारे ०.१९ टक्का हलते. ८ टक्क्यांना दीड टक्का.
> सहा इंच रुंद फळी : सव्वादोन मिलिमीटर.
> अशा २० फळ्यांची दहा फुटी भिंत : सुमारे ४६ मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन इंचांहून थोडे अधिक.
> वलयरेषा उभ्या असलेल्या फळ्या निवडल्यास : सुमारे २० मिलिमीटर.
> त्याच भिंतीच्या दहा फुटी उंचीत : फार तर दीड मिलिमीटर.

जुन्या सुतारांनी सोडलेली जागा

फळ्यांनी छत किंवा भिंत मढवण्याच्या कामाला मराठीत ‘तक्तपोशी’ असा जुना शब्द आहे, त्यामुळे आजच्या दुकानातले नाव नवे असले तरी काम नवे नाही. पुण्याचा विश्रामबागवाडा, जो दुसऱ्या बाजीरावाच्या काळात १८०७ च्या सुमारास उभा राहिला, त्याच्या दर्शनी भागातील सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब आणि कोरीव सागवान हा या परंपरेचा श्रीमंत नमुना आहे. हिंगोली-परभणी-नांदेड पट्ट्यातील माळवदाची घरे त्या मानाने साधी. जाड मातीच्या भिंती, आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर लाकूड आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा थर. चार खांबांमधल्या जागेला खण म्हणत आणि घराचा आकार फुटांत न सांगता खणांत सांगितला जाई.

या साध्या घरात तीन गोष्टी न्याहाळण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे खांब जमिनीत पुरलेला नसतो. तो दगडी तळखड्यावर उभा असतो, त्यामुळे जमिनीची ओल लाकडाच्या टोकातून वर चढत नाही. दुसरी, दिलेदार दारात पातळ दिले जाड चौकटीच्या खाचेत नुसते सरकवलेले असतात, त्यांना खिळा किंवा सरस लावलेला नसतो. दिला रुंदीत हलतो, खाचेच्या आत हलतो, आणि चौकटीच्या लाकडाची लांबी हलत नसल्याने दाराचे माप बरेचसे कायम राहते. ही युक्ती कोणत्याही पुस्तकातून आलेली नसून फुटलेल्या दारांतून शिकलेली असावी. तिसरी गोष्ट तुळईच्या अंगावर असते. करवतीने न चिरता वाकसाने तासलेल्या तुळईवर तीन-चार बोटे रुंद, उथळ, शिंपल्यासारखे घाव एकापुढे एक उमटलेले असतात, प्रत्येक घावाची एक कड किंचित उंच आणि धारदार, दुसरी लाकडात विरघळल्यासारखी. खोलगट भागात चुलीच्या धुराची काजळी बसून काळसर झालेली, आणि उंच कडा पिढ्यांच्या हातांनी, टांगलेल्या दोऱ्यांनी घासून तांबूस राहिलेल्या. बाजारात हजारो रुपये मोजून जो ‘टेक्स्चर’ विकत घेतला जातो, तो येथे कोणीही मुद्दाम केलेला नव्हता.

माळवद उतरवून स्लॅब टाकताना असे लाकूड निघते आणि ते स्वस्तात जाते, ही खेदाची बाब आहे. मात्र जुने लाकूड ‘आता हलत नाही’ ही समजूत अर्धवट खरी आहे. नव्या लाकडात वाळताना जे अंतर्गत ताण साठतात ते त्यात उरलेले नसतात, त्यामुळे ते सहसा पिळवटत नाही. पण श्रावणात फुगणे आणि वैशाखात आकसणे शंभर वर्षांनंतरही जवळजवळ तसेच चालू राहते. जुन्या तुळईत लपलेला एखादा खिळा आरायंत्राच्या पात्याचे दात उडवतो, म्हणून चिरण्याआधी लोहचुंबक फिरवून घेणे शहाणपणाचे.

पोत म्हणजे सावली

भिंतीवर महागडे लाकूड लावूनही ती सपाट दिसते, आणि त्याउलट साध्या बाभळीच्या खडबडीत फळ्या एखाद्या घरात डोळ्यांत भरतात, यामागचे कारण लाकडात शोधून सापडत नाही. डोळ्याला उंचसखलपणा थेट दिसत नाही. त्याला दिसते ती त्या उंचसखलपणाने पाडलेली सावली. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाचे मंदिर हे यावरचे उत्तम पाठ्यपुस्तक आहे. मंदिराचा खालचा भाग यादवकालीन दगडी कामाचा असून त्यावर आडव्या थरांच्या आणि शिल्पांच्या रांगा आहेत, तर वरचा भाग नंतरच्या काळातला, विटा-चुन्याचा आणि पांढरा आहे. पूर्वेकडच्या भिंतीवर सूर्योदयाला ऊन समोरून पडते, तेव्हा थर एकमेकांत मिसळून भिंत चपटी भासते. सूर्य माथ्याकडे सरकला आणि ऊन भिंतीला घासून खाली येऊ लागले की त्याच थरांखाली काळ्या रेघा उमटतात आणि प्रत्येक आकृती दगडातून पुढे येते.

याचे गणित सोपे आहे. पृष्ठभागावर ३ मिलिमीटरचा उठाव असेल आणि प्रकाश समोरून येत असेल, तर सावली शून्य. ४५ अंशांनी आला, तर सावली उठावाइतकी, म्हणजे ३ मिलिमीटर. आणि भिंतीशी अवघा १० अंशांचा कोन करून आला, तर सावली उठावाच्या साडेपाचपटीहून अधिक, म्हणजे १७ मिलिमीटर. छताला भिंतीपासून १५ सेंटिमीटरवर दिवा लावला, तर साडेचार फूट खाली त्याचा प्रकाश भिंतीला इतका घासून जातो की सावली उठावाच्या नऊपट होते. समोरच्या भिंतीवरची ट्यूबलाइट हे सगळे एका क्षणात पुसून टाकते. सजावटीचा खर्च लाकडावर करायचा आणि उजेड मात्र होता तिथेच ठेवायचा, हा या कामातला सर्वांत सामान्य घाटा आहे.

यातही एक बारकावा आहे, जो पुष्कळदा निसटतो. सावली पडण्यासाठी प्रकाशाने खाच ओलांडायला हवी. आजकाल पाऊण ते एक इंच रुंदीच्या उभ्या पट्ट्या थोडे अंतर सोडून बसवण्याची पद्धत आहे आणि त्यांच्यावर छतातून दिवे सोडले जातात; पण हा प्रकाश खाचांच्या दिशेनेच, पाटाच्या पाण्यासारखा खाली वाहत जातो, त्यामुळे खाचेत थोडा अंधार राहिला तरी पट्टीची धारदार सावली पडत नाही. उभ्या पट्ट्यांना बाजूचा उजेड लागतो आणि आडव्या फळ्यांना वरचा. म्हणून उभ्या पट्ट्यांसाठी खिडकीसमोरची भिंत निवडू नये. जी भिंत खिडकीच्या भिंतीला कोपऱ्यात मिळते, तीवर दिवसभर ऊन-उजेड आडवा घासून जातो आणि वीज न जाळता पोत उठतो. वाकसाने तासल्यासारख्या अनियमित पृष्ठभागाला मात्र कोणत्याही बाजूचा तिरपा उजेड चालतो.

उभ्या पट्ट्यांनी खोली उंच दिसते, असे सर्रास सांगितले जाते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात याच्या उलट दाखवून दिले होते. समान मापाच्या दोन चौकोनांपैकी आडव्या रेघांनी भरलेला चौकोन डोळ्याला अधिक उंच भासतो. कागदावरचा हा भ्रम संपूर्ण खोलीला तसाच लागू होईल असे नाही, परंतु उंचीच्या आशेने उभ्या पट्ट्यांचा आग्रह धरण्याचे कारण नाही, हे त्यातून कळते. उभ्या पट्ट्यांच्या बाजूने खरा मुद्दा धुळीचा आहे. फाल्गुनापासून मृगापर्यंत उडणारी धूळ आडव्या खाचेत बसते आणि उभ्या खाचेतून बरीचशी खाली जाते.

पोत लाकडातूनच काढण्याचाही एक मार्ग आहे. सागाच्या प्रत्येक वलयात वाढीच्या सुरुवातीला तयार झालेला भाग मोठ्या छिद्रांचा व मऊ असतो आणि नंतरचा भाग घट्ट. तारेचा ब्रश रेषेच्या दिशेने जोराने फिरवला की मऊ भाग झडतो आणि घट्ट रेषा उभ्या राहतात. नदीच्या पाण्याने झिजलेल्या फळीवर दिसते तेच येथे तासाभरात होते. साग सिलिका धरून ठेवत असल्याने रंध्याचे पाते मात्र लवकर बोथट होते, आणि सुतार सागाच्या कामाला जास्त वेळ सांगतो तेव्हा तो वेळ पुष्कळदा पाते परजण्याचा असतो.

कोणते लाकूड आणि किती वाळलेले

हिंगोलीच्या आसपास कळमनुरी-औंढ्याच्या डोंगराळ भागात आणि शेजारच्या किनवट पट्ट्यात पानगळीचे सागवानी जंगल आहे, पण विदर्भातील चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाची प्रतिष्ठा वेगळी. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये गेलेले सागवान बल्लारपूरच्या डेपोतून निघाले होते. सागाच्या गाभ्यात तेलकट द्रव्ये आणि वाळवीला नकोशी वाटणारी रसायने असतात. हे संरक्षण केवळ गाभ्याला असते, सालीलगतच्या पांढुरक्या थराला ते नसते, त्यामुळे ‘साग आहे, काही होत नाही’ हे वाक्य पांढरी कड असलेल्या फळीबाबत खोटे ठरते. कडुनिंब कडू असल्याने किडीला टिकतो आणि मराठवाड्यात चौकटींना वापरला जातो; बाभूळ जड, चिवट आणि स्वस्त; आंबा दिसायला देखणा, पण भुंगेऱ्यांना आवडणारा. खासगी जमिनीवरचा साग तोडायलाही महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ प्रमाणे परवानगी लागते, म्हणून वखारीतून पावती घ्यावी.

वाळवणीचे मर्म वसमतच्या हळद उत्पादकांना समजावून सांगावे लागणार नाही. शिजवलेली हळद उन्हात पसरल्यावर वरून चार दिवसांत कोरडी दिसते, पण आतून ओली असते; आडतीत माल तपासणारा हळकुंड बोटांत धरून मोडतो आणि खट्‌ असा आवाज आला तरच समाधान मानतो. फळीही अशीच वरून आधी वाळते. बाहेरचा थर आकसू पाहतो, आतला ओला भाग त्याला आकसू देत नाही, आणि या ओढाताणीत बाहेर चिरा पडतात. म्हणून फळ्या सावलीत, मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून, हवा खेळेल अशा रचतात. इंचभर जाडीच्या फळीला यासाठी काही महिने लागतात. मोडून पाहणे फळीबाबत शक्य नसल्याने ओलावा मोजणारे छोटे विजेरी यंत्र वापरता येते. तेही नसेल, तर एक तुकडा तोलून घरात ठेवावा आणि आठवड्याने पुन्हा तोलावा. वजन उतरत असेल, तर लाकूड अजून वाळत आहे.

प्लायवूडची गोष्ट वेगळी आहे. त्यात पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे एका थराची रुंदी फुगू पाहते तेव्हा शेजारच्या थराची लांबी तिला धरून ठेवते, जणू घोंगडीतील उभे-आडवे धागे. अशा तक्त्यावर खऱ्या लाकडाचा अर्धा मिलिमीटरचा पापुद्रा, म्हणजे व्हिनियर, चिकटवला की सागाचे रूप मिळते आणि हालचाल नगण्य राहते. खोल पोत मात्र त्यात मिळत नाही, कारण कोरायला लाकूडच नसते. प्लायवूड घेताना साध्यासाठी आयएस ३०३ आणि अधिक पाणीरोधकासाठी आयएस ७१० हे भारतीय मानकांचे शिक्के पाहावेत. दाबलेल्या लाकूडतंतूंचे एमडीएफ कोरीवकामाला गुळगुळीत असते, पण एकदा भिजून फुगले की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही.

भिंतीची ओल, वाळवी आणि पापड

कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला बसवलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत, आणि कार्ले हा भरपूर पावसाचा प्रदेश आहे. लाकूड पावसाळी हवेने कुजत नाही. कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात २० टक्क्यांहून अधिक पाणी सतत लागते. भोवती हवा खेळत असेल आणि पाणी साचत नसेल, तर लाकूड तेथपर्यंत जात नाही. स्लॅबच्या घरात धोका पावसाकडून येत नसून भिंतीकडून येतो. दिव्याची वात जसे तेल ओढते, तशी वीट पायातील ओल ओढते, आणि नव्या भिंतीत गिलाव्याला घातलेले पाणीही महिनोन्‌महिने मुरलेले असते. भिंत कोरडी आहे की नाही हे पाहण्यासाठी दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून थेंब दिसले, तर काम पुढे ढकलावे.

कोरड्या भिंतीवरही फळी थेट लावू नये. आधी भिंतीवर पाऊण-एक इंची रिपा ठोकाव्यात, त्यांवर फळ्या बसवाव्यात, आणि वर-खाली थोडी फट राखावी, म्हणजे मागच्या पोकळीतून हवा फिरते. वाळवी जमिनीतून मातीचे बोगदे बांधत वर येते आणि तिला ओल हवी असते. खालची कड फरशीपासून अर्धा इंच उचललेली असेल, तर तिचा बोगदा निदान डोळ्याला दिसतो. दर्शनी बाजूला पॉलिश आणि मागची बाजू कोरी, अशी फळी मागून दमट हवा पिते आणि वाटीसारखी वाकते. एकाच अंगाने वाळलेला पापड जसा कडा उचलतो, त्याचेच हे रूप आहे. पॉलिश किंवा तेल ओलावा थांबवत नाही, फक्त त्याची ये-जा सावकाश करते, म्हणून ते दोन्ही बाजूंना सारखे लागले पाहिजे.

उकळलेल्या जवसाच्या तेलाला रंगारी बेलतेल म्हणतात आणि खोल पोताच्या लाकडाला ते चांगले, कारण त्याचा थर खाचांत साचून चकाकत नाही. हे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता निघते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला, तर ती उष्णता आतल्या आत साठून बोळा आपोआप पेटू शकतो, आणि वैशाखातल्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत ही शक्यता वाढते. चिंध्या अंगणात दोरीवर एकेक सुट्या वाळत घालाव्यात.

कानाला आणि हाताला

रिकाम्या स्लॅबच्या खोलीत आवाज घुमतो आणि लाकडी भिंतीने तो थांबतो, असे विक्रेते सांगतात. बोलण्यातील मधल्या पट्टीच्या ध्वनीलहरीची लांबी फूटभराच्या आसपास असते. तीन मिलिमीटरचा पोत अशा लहरीला जाणवतही नाही. पट्ट्यांच्या मागे जाड नमदा किंवा लोकरीसारखा मऊ थर असेल, तर आवाज खाचांतून आत जाऊन तेथे जिरतो, आणि ते काम लाकडाचे नसून नमद्याचे असते. उष्णतेबाबत मात्र लाकडाची बाजू बळकट आहे. विटेच्या तुलनेत लाकूड चार-पाचपट कमी उष्णता वाहते. अर्धा इंची फळी सुमारे दोन-अडीच इंच विटेचे काम करते, शिवाय मागची हवेची पोकळी थोडी भर घालते. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला आतून फळ्या लावल्यास संध्याकाळी तिच्यावर ठेवलेला हात चटकन मागे घ्यावा लागत नाही, इतका फरक पडतो. खोली थंड होईल, अशी अपेक्षा करू नये.

बसवण्याचा महिना

दुकानांत मिळणाऱ्या पीव्हीसीच्या लाकूडरंगी पट्ट्यांना आर्द्रतेचे सोयरसुतक नसते, पण त्या उष्णतेने लांबीत वाढतात. दहा फुटी पट्टी २० अंशांच्या फरकाने तीन-चार मिलिमीटर लांबते. म्हणजे खऱ्या लाकडाला बाजूंना जागा सोडायची आणि प्लास्टिकला टोकांना. दोन्हींच्या सांध्यांत हाच फरक न ओळखल्याने प्लास्टिकची पट्टी मध्यावर पोट काढते आणि लाकडाची भिंत कोपऱ्यात फुटते.

लाकूड बसवताना प्रत्येक फळीला एकाच कडेने स्क्रू मारावा आणि दुसरी कड शेजारच्या फळीच्या जीभ-खाचेत मोकळी ठेवावी. दोन्ही कडा आवळल्या, तर फळीला मधेच तडकण्यावाचून मार्ग राहत नाही. फळ्या ज्या खोलीत लागणार आहेत तेथेच आधी दोन-तीन आठवडे सुट्या रचून ठेवाव्यात. काम मेमध्ये होणार असेल, तर प्रत्येक खाचेत दोन-अडीच मिलिमीटर जागा सोडली पाहिजे, कारण फळी तेव्हा सर्वांत बारीक असते; ऑगस्टमध्ये होणार असेल, तर जीभ खाचेच्या तळाला टेकवून बसवावी, कारण ती आता आकसणारच आहे. ज्याला निवड करता येईल, त्याने कार्तिक-मार्गशीर्ष धरावा, तेव्हा हवा मध्यम कोरडी असते आणि फळीही मधल्या मापावर येऊन थांबलेली असते. भिंतीच्या दोन्ही टोकांना सोडलेली फट उभ्या पट्टीने झाकली जाते, आणि पट्टीच्या आत ती पुढच्या वैशाखात किंचित रुंद आणि भाद्रपदात किंचित अरुंद होत राहते, तर पुढे बसलेल्यांना भिंत वर्षभर तशीच दिसते.